डबलला मारलेली हाक

कुत्र्यावरचा लेख म्हणल्यावर तुम्ही काय वाचायला बसलात ते मला माहितेय. आधी एक गुबगुबीत पिल्लू येणार, मग ते सोफा फाडणार, शेवटी म्हातारं होऊन मरणार आणि तुम्ही डोळे पुसणार. रुमाल काढला असेल तर ठेवा परत खिशात. आमचा कुत्रा जिवंत आहे, ठणठणीत आहे. हे लिहितोय तेव्हा तो टेबलाखाली बसून माझा डावा मोजा चावतोय, आणि मोज्यात माझा पाय आहे. इमानदारी, राखण, चोर पकडणं असलं पण यात काही नाही. आमच्या घरात चोर शिरला तर हा त्याला काकूची चप्पल तोंडात धरून नेऊन देईल, शेपटी हलवत.

तरी रुमाल फार लांब ठेवू नका. यात वाईट काम झालेलं आहे. ते कुत्र्यानं केलेलं नाही एवढंच.

झालं काय, परवा सीताफळं आली. इथं हैदराबादेत कोठीहून जामबागेकडे वळताना फुटपाथवर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. खाली पाला, वर डोळे उघडलेली सीताफळं, आणि प्रत्येक टोपलीवर माश्यांची एक छोटी मीटिंग. काकूनं डझनभर घेतली, घरी येऊन पेपरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली. दोन दिवसांत घरभर वास. गोड, ओलसर, आत कुठंतरी जरा आंबूस. तो वास नाकात गेला आणि मला दोन वर्षांपूर्वीचा सीताफळांचा मोसम आठवला. पहिली वाटी मी नेहमीसारखी हाणली. दुसरीत चौथ्या-पाचव्या बीपाशी हात थांबला. काकू म्हणाली, "काय रे, कच्चं निघालं का?" म्हणलं, "नाही, पोट भरलं." काकूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही माझं पोट ती पहिल्यांदाच भरलेलं बघतेय. खरंय ते.

मी देगलूरचा. शाळा तिकडंच झाली, अभ्यासापेक्षा आवाजांवर जास्त जोर होता. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातली सिस्टर, लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहायचे. बारावीनंतर वडिलांनी मला हैदराबादला पाठवलं ते दत्ताकाकांकडं. दत्ताकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या तीन पिढ्या जामबागेत, ते स्वतः जन्मभर शाळेत गणिताचे मास्तर, आता रिटायर. मी तिथं राहून दिलसुखनगरला क्लासला जायचं, परीक्षा द्यायच्या, सरकारी नोकरी मिळवायची असं वडिलांचं गणित. मी आठ दिवसांत मेट्रोतली बाई तिन्ही भाषांत काढायला शिकलो. दरवाजे डाव्या बाजूला उघडतील. क्लासच्या सरांना मी एवढा हुबेहूब काढायचो की सरांनीच एकदा मला पुढं बोलावून अर्धा धडा माझ्याकडून घेतला. नोकरीचं अजून चालूच आहे.

तर डबल. त्याचं पूर्ण नाव डबल का मीठा. इथल्या लग्नांत ते पाव तळून दुधात-साखरेत भिजवलेलं गोड असतं ना, अगदी त्या रंगाचा आहे तो, सोनेरी-तपकिरी आणि कडेला जरा करपलेला. जातीचा कॉकर स्पॅनियल. पुण्याच्या मंजूताईनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, आईबाबांना सोबत म्हणून इथलंच पिल्लू ठरवून पाठवलेला. सोबत म्हणजे काय असतं ते तिला तिकडं बसून सांगायला काय जातंय. हा प्राणी शांत बसत नाही. पाणी प्यायचं तर दोन्ही कान वाडग्यात बुडवून पिणार आणि मग ते कान घेऊन घरभर फिरणार, फरशीवर दोन ओल्या रेघा काढत. शेपटी हलवायची तर नुसती शेपटी हलत नाही, कमरेपासून मागचं सगळं हलतं. सकाळी फिरायला नेलं की नाक जमिनीला आणि मी हवेत. बतकम्माच्या, म्हणजे इथल्या फुलांच्या सणाच्या दिवसांत बाया फुलांच्या परड्या घेऊन निघाल्या की हा त्यांच्यात घुसायचा आणि नाकावर पिवळे पराग लावून, फार मोठं काम करून आल्यासारखा, बाहेर यायचा. त्यातून सीताफळाची बी त्याच्या पोटात जाऊ द्यायची नसते, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही तिघं वाट्या मांडीत धरून, भिंतीला पाठ लावून, लपून खाल्ल्यासारखं सीताफळ खायचो.

आणि घरात कुणी आलं की रिकाम्या तोंडानं भेटायचं नाही हा त्याचा नियम. आधी धावत जाऊन काहीतरी उचलणार. चप्पल, उशीचा अभ्रा, एकदा तर वांगं. ते तोंडात धरून मग भेटणार. सगळ्यात मोठी वस्तू काकांना. काका कोपऱ्यावरून दूध घेऊन आले तरी याला वाटायचं की माणूस परदेशातून आला.

काकांची एक हाक होती. ती हाक मारायला ते दारात यायचे, आधी दोनदा खोकायचे, चाळीस वर्षं खडू खाल्लेला तो खोकला, आणि मग म्हणायचे, "आव जी मियाँ, आव!" काका आमच्याशी मराठी बोलतात, पण डबलशी त्यांची भाषा दखनी. म्हणायचे, "हा इथला पैदाइशी, याला मराठी कैकू शिकवू?" ती हाक ऐकली की डबल कुठंही असो, काहीही करत असो, सुटलाच. कान दोन्ही बाजूंना पंखासारखे, नखं फरशीवर खडखडत, वळणावर घसरत. काकांच्या पायावर आदळल्यावरच ब्रेक. काकू बोलावून दमायची, मी बिस्किटं दाखवून दमायचो, पण ही हाक रिकामी जाताना मी तोवर कधी बघितली नव्हती.

मिमिक्रीवाल्याला असं काही दाखवू नये. मी ती हाक आठवडाभर बाथरूममध्ये बसवली. पहिला खोकला छातीतून, दुसरा फक्त घशातून. "आव जी" खाली, "मियाँ" नाकात, आणि शेवटचा "आव" जरा फाटतो, तो फाटला पाहिजे, नाहीतर काका होत नाहीत. काका बाहेर असताना एकदा स्वयंपाकघरातून ती मारली. डबल गच्चीवरून तीरासारखा खाली. काकू पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मेल्या, मला वाटलं हे आले! ओरडणारच होते त्यांच्यावर चिडून, दूध न आणता परत कसे आले म्हणून." मी काकांसमोर कधी काढली नाही ती. बाकी सगळ्यांच्या नकला मी त्यांच्या तोंडावर करायचो. ही नाही केली. का, ते तेव्हा मला पण माहीत नव्हतं. बहुतेक थोडी भीती, थोडी लाज. दुसऱ्याचा शर्ट न विचारता घातल्यावर वाटते तशी.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्यात, मंजूताईकडं. दीड महिना तिकडंच राहायचं. काकू म्हणाली, "मुलगी आहे की करायला. मी गेले तर डबलला कोण बघणार? हा?" हा म्हणजे मी. काका निघाले तेव्हा डबलनं त्यांना स्टेशनसाठी काकूचा झारा दिला. काकांनी तो रिक्षात बसेपर्यंत हातात धरला आणि मग माझ्याकडं दिला. "याला सांभाळ रे सुधीर," म्हणाले. झारा धरून मी म्हणलं, "हौ काका."

काका गेले आणि चौथ्या दिवशी डबल डोकं झटकायला लागला. एक कान जमिनीवर घासायचा, रडायचा. कान उचलून बघितला तर आत लाल, तपकिरी घाण, आणि विसरून राहिलेल्या दह्यासारखा वास. या लांब कानांच्या कुत्र्यांचं असंच असतं म्हणे, हवा जात नाही, पावसाळाभर ओल आत बसते. जनावरांचे डॉक्टर म्हातारे आणि कंटाळलेले होते. कानात नळी घालून बघितलं आणि आमच्याशी बोलायला लागले. "सुबह-शाम दवा डालना, तीन हफ्ते. एक टाइम भी छोड़ना नक्को. और सुनो, जलेगा इसको. जो डालेगा ना, ये उसको दुश्मन समझेगा. तो क्या करो, घर में एक जन दुश्मन बन जाओ. एकीच. बाकी के दोस्त रहो."

रिक्षात काकू म्हणाली, "तू हो बाबा दुश्मन. मी त्याला जेवायला घालते." मी म्हणलं, "मी त्याला फिरायला नेतो! तो माझ्याजवळ झोपतो!" ते खरं होतं. काका गेल्यापासून तो माझ्या गादीवर यायचा, पायाशी गोल व्हायचा, आणि मला घर सोडून आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी फक्त माझं आहे असं वाटत होतं. मला दुश्मन व्हायचं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे सगळी. इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं.

पहिले दोन दिवस औषध घालायला गेलो की तो दिवाणाखाली, भिंतीला चिकटून. हात घातला तर गुरगुरला, आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही दोघं फरशीवर पालथे, काकू म्हणते अरे पाय धर, मी म्हणतो कुठला पाय, चार आहेत. आणि मग माझ्या डोक्यात ती आयडिया आली. फार हुशार वाटली हो मला ती.

स्वयंपाकघराच्या दारामागं उभा राहिलो. हातात काकांचा जुना पंचा, कारण तो जाड होता आणि तेलकट झाला तरी चालणार होता. दोनदा खोकलो. "आव जी मियाँ, आव!"

दिवाणाखालून बाण सुटला. आवाज करत, हसत म्हणलं तरी चालेल, दारातून आत. मागून मी पंचा त्याच्या तोंडावर टाकला. अंधार. काकूनं धरलं, मी कान उलटा केला, थेंब आत सोडले, बाहेरून चोळलं. तो असा ओरडला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. एका मिनिटात काम झालं. मग पंचा काढला, दारामागं फेकला, आणि मी माझ्या स्वतःच्या आवाजात, "अरे अरे, काय झालं माझ्या राजाला? कुणी केलं?" असं म्हणत उस्मानिया बिस्किटाचा तुकडा पुढं केला. तो माझ्या मांडीत घुसला, थरथरत. काकू म्हणाली, "डोकं आहे रे तुला." देगलूर सोडल्यापासून असं कुणी म्हणलं नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. तुम्हीच करा हिशोब किती वेळा. मी मोजले नाहीत.

एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती आणि बघितलीच नाही असं केलं. पहिले चार-पाच दिवस तो धावत यायचा. काकांचा आवाज म्हणल्यावर त्याला आदलं काही आठवायचंच नाही. मग चालत यायला लागला. मग पोट फरशीला लावून, सरपटत, कान मागं, शेपटी पायात, दोन पावलं आला की थांबून दाराकडं बघायचा. पण यायचा. ती हाक टाळायची कशी हे त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा येता येता त्याची लघवी झाली. काकू म्हणाली, "नको रे आता हे, वेगळं काहीतरी करू." मी म्हणलं, "काकू, एवढं जमलंय, कशाला मोडायचं." जमलंय म्हणालो मी. कार्यक्रम रंगात आला की मधेच माइक सोडवत नाही, तसलं काहीतरी झालं होतं मला. तिसऱ्या आठवड्यात तो हाकेला आलाच नाही. मग आम्ही दिवाणच सरकवायचो.

कान बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "बहुत अच्छा डाले." वास गेला, लाली गेली. दिवाळीत काकांचा व्हिडिओ कॉल आला. मंजूताईनं फोन धरलेला, काका पलंगावर, पाय लांब केलेला. "मियाँ किधर हैं?" मी फोन डबलसमोर धरला. काका खोकले. डबल उठला आणि शांतपणे बाल्कनीत निघून गेला. काका हसले, "नेटवर्क नसेल." मी पण हसलो, आणि त्याच मिनिटाला मेट्रोतली बाई काढली, पुढील स्टेशन पुणे, सगळे हसले. मग फोन काकूच्या हातात दिला.

दिवाळीनंतर काका आले. रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि डबल उठला, इकडं तिकडं धावला, माझी चप्पल उचलली, दारात जाऊन उभा राहिला. मागचं सगळं अंग हलत होतं. मला वाटलं, सुटलो. काका फाटकातून आत आले, हातात काठी, एकेक पायरी. दारात आले. सवयीनं दोनदा खोकले.

चप्पल खाली पडली.

"आव जी मियाँ, आव!"

तो वळला आणि दिवाणाखाली गेला. घाई नाही, गोंधळ नाही. ठरलेलं काम असल्यासारखा. काका दारातच उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, खाली वाकता येत नव्हतं. "नाराज हैं मियाँ," म्हणाले. "हौ, रहनाच. दीड महिना सोडून गेलो." काकूनं माझ्याकडं बघितलं. मी बॅगा उचलल्या. बॅगा फार जड आहेत असं तोंड केलं.

त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी. काकू मला म्हणाली, "अरे, सांग तू त्यांना. नाहीतर मी सांगते." म्हणलं, "दोन दिवस थांब काकू, येईल तो. कशाला उगीच आत्ताच ऑपरेशन झालेल्या माणसाला." तिला पण वाटलं, येईलच. आणि काका विचारायला लागले की मी भराभर कारणं द्यायला लागलो. "काका, ती काठी. काठीला घाबरतोय तो." हे मी म्हणलो. मला अजून ते वाक्य माझ्या आवाजात ऐकू येतं, आणि माझी नक्कल मला कधीच चांगली जमली नाही, पण हे वाक्य अगदी हुबेहूब येतं. काकांनी दुसऱ्या दिवसापासून घरात काठी बंद केली. भिंत धरून चालायचे. एकदा बाथरूमपाशी पाय सरकला, दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचले; आतून दार मी उघडलं. काकू रागावली तर म्हणाले, "कुत्रा डरतो ना त्याला." मग मी म्हणलं दवाखान्याचा वास असेल. तर त्यांनी पुण्याहून आणलेले सगळे कपडे धुवायला टाकले, मलम लावायचं बंद केलं. डबल मात्र माझ्या गादीवर, माझ्या पायाशी. काका खोलीत आले की उठून जायचा.

आज, दोन वर्षांनी, डबल काकांजवळ येतो. जातो, बसतो, त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. पण आपल्या मनानं आला तर. काका त्याला बोलवत नाहीत. ती हाक या घरात आता कुणीच मारत नाही. आणि काकांना खोकला आला की ते उठतात, मागच्या मोरीत जातात, दार लावून घेतात आणि तिथं खोकतात. डबल झोपलेला असला तरी. मी इथं टेबलाशी बसलेलो असतो, पुस्तक उघडं असतं, आणि बंद दारामागून तो खोकला येतो. पहिला छातीतून, दुसरा घशातून. त्या मोरीत जाऊन खोकण्याबद्दल मला कुणीही कधी काही बोललेलं नाही. त्या खोकल्याचं मी काय करू, सांगा.

हां, तर तेव्हाचं. दोनेक आठवडे गेले आणि काकांनी विचारणं सोडलं. मला बरंच वाटलं. फक्त ते जरा वेगळं वागायला लागले. काकूला बसवून गॅसचं बुकिंग कसं करायचं ते शिकवलं. कुठले कागद कुठल्या फायलीत आहेत ते मला दाखवलं. "तुला माहीत असू दे." मंजूताईला रोज फोन, आणि फोनवर तिच्या लहानपणीच्या गोष्टी. आणि मधेमधे आरामखुर्चीत बसून ते डबलकडं बघत राहायचे. तो दिवाणाखाली, नाक पंजांवर. हे त्याच्याकडं बघतायत, तो यांच्याकडं बघतोय. मी वाटी मांडीत धरून शेवटची सीताफळं संपवत होतो.

एका सकाळी काका म्हणाले, "चल, कोठीला जाऊन येऊ. पुस्तकं बघायचीत. काकूला पुस्तकंच सांग." मला वाटलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. रिक्षा दुकानांसमोरून पुढं गेली आणि एका तपासणीच्या लॅबपाशी थांबली. आत लाकडी बाक, पंखा, हातावर कापूस दाबून बसलेली माणसं. काकांनी खिशातून चिठ्ठी काढून खिडकीत दिली. बरीच मोठी यादी होती.

"काका, गुडघ्याचं आहे का?"

"गुडघा ठीक आहे." ते माझ्या शेजारी बसले, पाय लांब करून. "सुधीर, कुणाला बोलू नको. डबलला काहीतरी कळलंय."

"काय कळलंय?"

"जनावरांना कळतं रे. माणसाच्या आत काही बिघडलं की वास येतो त्यांना. आमच्या शेजारी एक वकील होते, त्यांची मांजर शेवटचे दोन महिने त्यांच्याजवळ गेली नाही. मी स्वतः बघितलंय. काठी नाही, कपडे नाहीत. मीच आहे. मला बघून तो ज्या तऱ्हेनं जातो ना..." त्यांनी पावतीची घडी करून खिशात ठेवली. "म्हणून म्हणलं, एकदा सगळं बघून घेऊ. काय असेल ते कळू दे. मंजूला मग सांगता येईल."

पंखा फिरत होता. खिडकीतला माणूस कुणाचं तरी नाव ओरडला. माझ्याकडं त्या वेळी दहा-बारा आवाज होते, एकपण कामाचा नव्हता. कसंतरी सांगितलं मी. कान, डॉक्टर, दार, पंचा. तुमची हाक. तीन आठवडे. सकाळ-संध्याकाळ. माझं लक्ष त्यांच्या चपलांकडं होतं. काकांनी लांब केलेला पाय हातानं धरून जवळ घेतला. मग म्हणाले, "काढ."

"काय?"

"माझा आवाज. काढून दाखव."

"काका, इथं?"

"काढ."

काढला. खोकलो दोनदा, हाक मारली, हळू आवाजात. शेवटचा आव फाटायला पाहिजे होता, तो फाटला. फार छान फाटला. समोरची बुरखेवाली बाई माझ्याकडं आणि मग काकांकडं बघायला लागली. काकांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, हसतील. शाळेत मी हेडमास्तरांची नक्कल करताना पकडलो गेलो तेव्हा हेडमास्तर शेवटी हसले होते. मी तशा तोंडानं वाट बघत होतो.

काका हसले नाहीत. आवाज चढवला पण नाही. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जाईल पण शेजारच्या वर्गाला नाही, त्या आवाजात बोलले.

"कुत्र्याचं सोड. कान त्याचा बरा झाला, चांगलं झालं. औषध घालायलाच पाहिजे होतं, कसं घातलं ते घातलं. त्याला जे कळलं ते बरोबर कळलं, तो जनावर आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तू कोण आहेस? तू माझ्यासमोर बसून दोन टाइम चहा पितोस. माझं तोंड बघतोस. मी भिंत धरून चालतोय, तू बघतोयस. मी पडता पडता राहिलो, दार तू उघडलंस. आणि मला म्हणतोस, काका, वास असेल कपड्यांना. मी तीन आठवडे त्या दिवाणाखाली बघत बसलो होतो रे, की याला किती दिसतायत? महिना? दोन महिने? तुझ्या काकूला गॅसचा नंबर पाठ करायला लावला मी. पोरीला फोनवर काय काय बोललो, तिला वाटलं बाप म्हातारा झाला. हे सगळं तुला दिसत होतं ना? की माणसाचा फक्त आवाजच ऐकतोस तू? इतक्या लोकांची तोंडं करतोस, कंडक्टर करतोस, हेडमास्तर करतोस, मला करतोस. 'काका, माझ्याकडून चुकलं' हे तीन शब्द तुझ्या स्वतःच्या तोंडानं बोलायला तुला इथं, या बाकावर यायला लागलं? सुई टोचायची वेळ येईपर्यंत? आता रडू नको. लोकं बघतायत, त्यांना वाटेल मलाच काहीतरी निघालं."